टेबल कुणाच्या नावाचं?

मागच्या महिन्यात आपल्या अभ्यासवर्गात एका फोटोवरून भांडण झालं. वर्ग भरला होता 'जातिनिर्मूलन' वाचायला. पुस्तक उघडलंसुद्धा नाही.

आपल्यातल्याच एका पोराला नोकरीत मोठी बढती मिळाली. त्या आनंदात तो आईला घेऊन वरळीच्या समुद्राकाठच्या एका महागड्या हॉटेलात जेवायला गेला. काचेपलीकडं समुद्र, टेबलावर पांढरंशुभ्र कापड, आणि नव्या साडीत अवघडून बसलेली आई. असा फोटो त्यानं मोबाइलवर टाकला. झालं! वर्गात फोटो हातोहात फिरला आणि खटला उभा राहिला. "बिल किती झालं?" पोरानं खरं ते सांगितलं. तिघांचे नऊ हजार चारशे. मग एकेकाच्या तोंडाला पाणी नाही, फेस आला. कुणी म्हणालं, एवढ्यात वाचनालयाचं किती महिन्यांचं भाडं निघालं असतं! कुणी म्हणालं, आणखी एक दलित ब्राह्मण तयार झाला. दुसरी बाजूही तयारच होती. बाबासाहेब सूटबूट घालत होते की नव्हते? मग आपण काय मरेस्तोवर चटणी-भाकरच खायची का?

पोरगं खाली मान घालून बसलं होतं. बिल तिघांचं, आणि फोटोत माणसं दोनच, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. तिसरा मी. फोटो मीच काढला होता.

त्या दिवशी मी गप्प बसलो. ती चूक झाली, म्हणून हे लिहितोय. पोराला विचारून लिहितोय.

आधी पैशाचं उरकून घेऊ. सवर्णाचं पोरगं त्या टेबलावर बसतं तेव्हा त्याच्याकडं कुणी जातीचा हिशेब मागत नाही. आपला एक माणूस काट्याचमच्यानं खायला लागला, की अख्ख्या समाजाची गरिबी त्याच्या एकट्याच्या ताटात वाढली जाते. हा कुठला न्याय? ज्यानं वाचनालयाला कधी दमडी दिली नाही त्याला बोला. हा पोरगा दर महिन्याला देतो, आणि पावतीही मागत नाही. तेव्हा 'दलित ब्राह्मण' ही शिवी जरा जपून वापरा. ती हल्ली आपण एकमेकांनाच घालतो, ब्राह्मण्याला घालायची राहूनच जाते.

पण सुटाचा दाखला देणाऱ्यांशीही माझं जमत नाही. बाबासाहेबांचा सूट सगळ्यांना दिसतो. तो सूट घालून ते कुठल्या दाराशी उभे राहिले, आणि कोण म्हणून उभे राहिले, हे कुणी बघत नाही. माझा सवाल तिथं आहे. बिलावर भांडणाऱ्या तुम्हा दोघांच्याही फोटोत ती गोष्ट दिसत नव्हती.

आम्ही तिघं त्या हॉटेलाच्या दाराशी पोचलो. दारात एक चुणचुणीत मुलगी, हातात आरक्षणाची यादी. पोरानं मोबाइल नंबर सांगितला. तिनं यादी बघितली, हसली, आणि म्हणाली, "वेलकम, मिस्टर पाटील!"

पोराची आई, म्हणजे आमच्या वहिनी, चटकन बाजूला सरल्या. मागून कुणी पाटील येतोय असं त्यांना वाटलं. पदर सावरून, भिंतीला चिकटून, त्यांनी वाट दिली. मागं कुणी नव्हतं.

पोराचं तोंड पांढरं पडलं. "आई, चल, आपल्यालाच म्हणतायत," तो पुटपुटला आणि तिचा दंड धरून आत गेला.

टेबलावर बसल्यावर त्यानं सांगितलं. टेबल फोनवरून सांगावं लागतं. पलीकडून विचारलं, नाव? यानं नाव सांगितलं. पलीकडून पुन्हा विचारलं, सरनेम? "काका, तोंडातनं निघून गेलं. पाटील. का, ते मलाबी कळलं नाही." त्याचं खरं आडनाव मी इथं लिहीत नाही. ते लिहायचं की नाही, हे आता त्यानं ठरवायचं.

वहिनी काही बोलल्या नाहीत. समुद्राकडं बघत बसल्या. हा समुद्र त्यांना नवा नाही. लग्न होऊन सातारा सोडला तेव्हापासून त्या वरळीच्या बीडीडी चाळीत. नवरा गिरणीत, रिंग खात्यात. विणकाम खात्यात नव्हे. तिथला पगार जास्त, पण एके काळी आपल्याला त्या खात्यात घेतच नसत, कारण तुटलेला धागा तोंडानं ओढावा लागे आणि आपल्या थुंकीनं दुसऱ्याचं तोंड बाटत होतं! बाबासाहेबांनी १९२८-२९ च्या संपांच्या वेळी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांना विचारला होता. तो बापजाद्यांचा काळ. पण खाती ठरून गेली ती गेलीच, आणि आमचा दोस्त रिंग खात्यातच राहिला. १९८२ चा संप झाला, गिरणी गेली, माणूस खचला. वहिनींनी समुद्राकाठच्या एका इमारतीत धुण्याभांड्याचं काम धरलं. चौदा वर्षं. भांडी घासायच्या मोरीला खिडकी होती आणि खिडकीत समुद्र होता. खिडकीच्या कट्ट्यावर त्यांचा कप असायचा, कान तुटलेला, वेगळा. म्हणजे समुद्र बघत बघत त्यांनी आयुष्याची चौदा वर्षं दुसऱ्यांची उष्टी काढली आहेत. पोरानं तीच जागा का निवडली, ते आता कळलं असेल. आईला त्या खिडकीच्या अलीकडं, खुर्चीत बसवायचं होतं त्याला. फोटो बघून खटला भरणाऱ्यांनी एवढं तरी विचारायचं होतं.

मग पाणी आलं. वेटरनं विचारलं, "रेग्युलर की मिनरल?" पोरगं ऐटीत म्हणालं, मिनरल. काचेची बाटली आली, साडेतीनशे रुपयांची. हॉटेलवाल्यानं छापील किमतीपेक्षा जास्त घेतले तरी चालतात, असा सुप्रीम कोर्टाचा २०१७ चा निकाल आहे. तेव्हा तक्रारीला जागा नाही. वेटरनं एक हात पाठीमागं धरला आणि बाटली ग्लासाला लागू न देता वरून पाणी सोडलं. तिथली रीतच ती. सगळ्यांना तसंच वाढतात. पण वहिनींचे दोन्ही हात टेबलाखालून वर आले आणि ग्लासापाशी येऊन थांबले. ओंजळ पुरती झाली नव्हती. पदर सारखा करायच्या निमित्तानं त्यांनी हात खाली घेतले. वेटर गेल्यावर हळूच म्हणाल्या, "आरं, ह्यास्नी कळलं व्हय आपलं?"

हे वाक्य मला झोपू देत नाही.

वेटरला काय कळणार, डोंबल! तो बिचारा उत्तरेकडचा, पाटील काय आणि कांबळे काय, त्याला दोन्ही सारखेच. हात वर आले ते जुन्या सवयीनं. गावच्या विहिरीवर कुणी वरून ओतेल तेव्हाच पाणी, हे वहिनींनी लहानपणी भोगलंय. शरीर विसरत नाही. त्याचा दोष कुणाला देणार? पण 'कळलं का' ही धास्ती सवयीची नव्हती. ती ताजी होती, त्याच संध्याकाळची. पाटलाच्या नावावर बसलो नसतो, तर कळण्यासारखं काय होतं तिथं?

आता बाबासाहेबांकडं येतो. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे त्यांचं छोटंसं आत्मकथन तुम्ही वाचलं असेल. नसेल वाचलं तर आजच वाचा. त्यात दोन जागा अशा आहेत की त्यावर आपण सहसा भाषणं करत नाही.

एक १९०१ ची. लहानगा भीम, भाऊ आणि भाचे यांच्याबरोबर वडिलांना भेटायला निघालाय. मसूर स्टेशनापासून बैलगाडी. बरोबर फराळाचा डबा भरलेला, पोटात आग, पण पाणी नाही. आणि पाण्यावाचून घास उतरत नाही. गाडीवान सल्ला देतो, टोलनाक्यावर जा, मुसलमान आहोत म्हणून सांग. पोर जाऊन सांगतो. तरीही पाणी मिळत नाही. खोटं बोलूनसुद्धा नाही. अन्न उशाशी घेऊन ती पोरं उपाशी झोपतात.

दुसरी बडोद्याची, १९१७ ची. कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन करून आलेला माणूस, सूटबूट घातलेला, बडोदा सरकारचा अधिकारी, आणि त्याला शहरात राहायला जागा नाही. तो पारशांच्या धर्मशाळेत जातो. राखणदार दीड रुपया रोजावर तयार होतो, पण नोंदवहीत नाव पारशी पाहिजे. बाबासाहेब पारशी नावानं राहतात. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन पारशी येतात. पुढं कामाठीबाग, डोळ्यांतलं पाणी आणि रात्रीची मुंबईची गाडी.

म्हणजे, पोरांनो, नाव लपवायची पाळी खुद्द बाबासाहेबांवरही आली. मग या पोराला आपण कुठल्या तोंडानं बोलणार?

ह्या प्रश्नावर मी आठवडाभर अडकलो होतो. एक उत्तर पटकन सुचतं. तेव्हा गरज होती, आता चैन आहे. डोक्यावर छप्पर नव्हतं म्हणून ते पारशी झाले. हा कोळंबी खायला पाटील झाला. पण हे उत्तर मला फार स्वस्त वाटतं. ज्याच्या अंगावरून गेलं त्यालाच गरज कुठं संपते आणि चैन कुठं सुरू होते ते ठाऊक. आजही आपली शिकलेली पोरं भाड्याच्या घरासाठी आडनाव गिळतात. त्यांना काय रस्त्यावर झोपा म्हणायचं?

आणि लपवाछपवीबद्दल मी कुठल्या तोंडानं बोलू? १९७८ साली मी पुण्यात शिकत होतो. एका वाड्यात खोली घेतली ती मराठा म्हणून. तेच नामांतराचं साल! जुलैत विधिमंडळात ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. आपली घरं जळली, माणसं मारली गेली, नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांचा जीव घेतला. एका विद्यापीठाच्या दारावर एक नाव लागावं म्हणून चळवळ सोळा वर्षं लढली, १४ जानेवारी १९९४ पर्यंत. आणि मी? दिवसा मोर्चात घोषणा देऊन घसा बसवायचा, आणि रात्री वाड्याच्या जिन्यावर पाय वाजवायचा नाही. घरमालकीणबाई मायाळू होती. सणावारी ताट वाढायची. अकरा महिने मी तिच्या हातची पुरणपोळी खाल्ली, पण चव म्हणाल तर आठवत नाही. प्रत्येक घासाला कान जिन्याकडं असायचे. कुणी ओळखीचा 'जयभीम' करत वर येतोय का! शेवटी मीच खोली सोडली. तिला काही न सांगता. ती बाई आज हयात नाही. मी कोण होतो हे तिला कळलं असतं तर तिनं काय केलं असतं? कदाचित हाकललं असतं. कदाचित नसतंही. ते मला आता कधीच कळणार नाही, कारण तिची परीक्षा घ्यायच्या आधीच मी तिला नापास करून टाकलं होतं.

एवढ्यावरून मला जे समजलं ते असं. खोट्या नावानं पाणी मिळतं, खोली मिळते, खुर्ची मिळते. पण ते पाटलाला मिळतं, आपल्याला नाही. हॉटेलवाल्यानं त्या दिवशी पाटलांना जेवू घातलं. वहिनींना अजून कुणी जेवू घातलेलंच नाही.

आता महाडकडं बघा. १९२३ साली बोले यांचा ठराव मुंबईच्या कौन्सिलात मंजूर झाला, महाड नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचं जाहीर केलं. कागद झाला. पाणी मात्र मिळेना. मार्च १९२७ च्या परिषदेला आलेल्या माणसांसाठी चाळीस रुपयांचं पाणी स्पृश्यांकडून विकत घ्यावं लागलं. लक्षात ठेवा हा आकडा. पाणी विकत मिळत होतं! पैसे मोजले तर तेव्हाही मिळत होतं. रात्री अंधारात कुणी गुपचूप भरून आणलं असतं तरी मिळालं असतं. मग २० मार्चला भर दिवसा, रांगेनं, गावातून चालत जायचं कारण काय? त्या पाण्यानं कुणी अमर होणार नव्हतं, हे बाबासाहेबांनी डिसेंबरच्या परिषदेत स्वतःच सांगितलं. आम्ही आहोत ते म्हणून येणार आणि पिणार, एवढंच सिद्ध करायचं होतं.

पुढं काय झालं, ते आपण 'हल्ला झाला' एवढ्या दोन शब्दांत उरकतो. हल्ला कुठं झाला? मंडपात. माणसं परत जायची आवराआवर करत होती, काही जेवत होती. गुंडांनी येऊन अन्न मातीत कालवलं, भांडी फोडली. आपल्या चळवळीतलं पाण्याकाठचं पहिलं मोठं जेवण असं संपलं. नंतर १०८ घागरी पंचगव्य ओतून तळं 'शुद्ध' केलं. कोर्टाचा निकाल लागायला मार्च १९३७ उजाडला. एका ओंजळीला दहा वर्षं!

आता संविधानाच्या १५ व्या कलमाचं दुसरं उपकलम काढा. त्यात एकाखाली एक दोन यादी आहेत. पहिल्या यादीत दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा. दुसरीत विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते. जेवण आणि पाणी शेजारी शेजारी. ज्याच्या उशाशी डबा होता आणि पाणी नव्हतं, तोच माणूस मसुदा समितीचा अध्यक्ष होता, हे वाचताना मला आठवल्याशिवाय राहत नाही. १९५५ चा कायदा, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतात, तो तर हॉटेलातल्या भांड्यांपर्यंत जातो. सार्वजनिक हॉटेलातली भांडी अस्पृश्यतेच्या कारणानं वापरू न देणं हा त्यात गुन्हा आहे. कान तुटलेल्या कपाची नोंद कायद्यानं घेतली, म्हणा ना. पण तो हॉटेलातल्या कपापुरता. खिडकीच्या कट्ट्यावरच्या कपापर्यंत त्याचा हात पोचत नाही.

म्हणून माझा त्या पोराला सवाल असा होता. तू खरं आडनाव सांगितलं असतंस तर काय झालं असतं?

तो म्हणाला, "काहीच झालं नसतं, काका. मलाबी ठाऊक आहे."

अरे, मग? हे 'काहीच न होणं' हीच तर महाडची कमाई! खरं नाव सांगावं, यादीत लिहून घेतलं जावं, दारात त्याच नावानं 'वेलकम' म्हणावं, आणि काहीच होऊ नये. एवढ्यासाठी माणसांनी डोकी फोडून घेतली. ती कमाई दारातच ठेवून तू आत गेलास. आणि जर झालंच असतं काही, तर कायदा होता, आम्ही होतो.

यावर तो जे बोलला ते लिहिलं नाही तर हा लेख खोटा होईल. तो म्हणाला, "काका, हापिसात रोज ऐकतो, कोट्यातनं आला, कोट्यातनं आला. बढतीच्या दिवशीबी ऐकलं. घरासाठी लढलो, बहिणीच्या ॲडमिशनसाठी लढलो. ती एक संध्याकाळ मला लढाई नको होती. काही होईल का, ही शंकासुद्धा नको होती. पाटलाला ती शंका नसते. मला एक दिवस ती नसलेली बघायची होती. आणि तुम्ही होता म्हणताय? फोटो दिसला तर तुम्ही बिल विचारलंत."

मी काय बोलणार? लढाईला सुट्टी नसते, हे व्यासपीठावरून म्हणायला सोपं आहे. सत्तरीकडं झुकलेला मी ते म्हणतो तेव्हा टाळ्या पडतात. पण दलितानं चोवीस तास लढतच राहिलं पाहिजे, त्यानं निवांत कोळंबी खाल्ली तर विश्वासघात, हीसुद्धा एक वेठबिगारीच झाली. फक्त मालक बदलला. आधी गाव राबवत होतं, आता चळवळ राबवते. माणसाला संध्याकाळ पाहिजे. त्याच्या या म्हणण्याला माझ्याकडं उत्तर नाही.

एवढंच दाखवतो की ती संध्याकाळ त्याला मिळाली नाही. पाटलाची बेफिकिरी पाटलाच्या नावाबरोबर येत नाही. शंका गेली नाही, ती उठून आईच्या खुर्चीत जाऊन बसली. नाव लपवण्याची किंमत लपवणारा एकटा देत नाही, हेच त्यातलं वाईट. माझ्या वाड्यातल्या खोलीची किंमत माझ्या मित्रांनी दिली. त्यांना मी अकरा महिने 'खोलीवर येऊ नका' म्हणत होतो.

आपले काही मार्क्सवादी मित्र म्हणतील, तिथं जात उरलीच कुठं? भाव परवडतो तो आत, परवडत नाही तो बाहेर. बरोबर आहे, दारापुरतं. पैशानं जात झाकते, जात नाही. दारातून आत गेलात आणि मोरीकडं बघितलंत की ती दिसते. जेवणाच्या मध्येच वहिनी हात धुवायला म्हणून उठल्या त्या पंधरा मिनिटं आल्याच नाहीत. पोरगं घाबरलं. परत आल्या तेव्हा तोंडावर वेगळंच तेज. म्हणाल्या, "आतली संडास-बाथरूम धुणारी बाई आपली हाय, भावजी. जालन्याकडची. सा डिशेंबरला दरवर्षी येती." एवढ्यात ओळख झाली कशी? "तिनं इचारलं, मावशी, गाव कुठलं? मी सांगितलं. समदं सांगितलं." म्हणजे बाहेर टेबलावर पाटील बसले होते, आणि आत संडासाच्या दाराशी वहिनींनी आपलं नाव सांगून टाकलं होतं. न घाबरता.

सहभोजनानं जात मोडत नाही, हे 'जातिनिर्मूलना'त बाबासाहेबांनी सांगूनच ठेवलंय. आपल्याला त्यांच्यात जेवू दिलं की झालं, असं नाही. आपल्या हातचं ते जेवतात का? कोल्हापूरच्या गंगाराम कांबळेंची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. दरबारच्या पागेतला नोकर. सवर्णांच्या हौदाच्या पाण्याला शिवला म्हणून सोबतच्या नोकरांनीच फोडून काढला. शाहू महाराजांनी काय केलं? त्याला भांडवल देऊन हॉटेल घालून दिलं. गंगारामच्या हातचा चहा प्यायला कुणी फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः तिथं थांबून चहा पिऊ लागले आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजू लागले. बघा, पाण्याच्या अपमानाला उत्तर म्हणून महाराजांनी त्याला कुठल्या थाटाच्या हॉटेलात नेऊन बसवलं नाही. त्यालाच मालक केलं, नावानिशी. शंभर वर्षं झाली त्याला. तरी २०१७ मध्ये पुण्यात एका शिकलेल्या बाईंनी स्वयंपाकीणीनं जात लपवली म्हणून पोलिसांत तक्रार केली. २०२१ मध्ये उत्तराखंडात, चंपावत जिल्ह्यातल्या एका शाळेत, दलित बाईनं शिजवलं म्हणून सवर्णांच्या पोरांनी दुपारचं जेवण नाकारलं.

जाता जाता समुद्राबद्दल. समुद्राचं पाणी कुणी बाटवलं म्हणून १०८ घागरी घेऊन कुणी धावल्याचं ऐकलंय? नाही. कारण ते पिता येत नाही. उलट तो ओलांडला की ब्राह्मणच बाटत होता! म्हणूनच की काय, समुद्राकाठी आपलं एक जेवण आहे, तिथं नाव सांगावं लागत नाही. सहा डिसेंबर. दादर चौपाटीवर १९५६ साली बाबासाहेबांना निरोप दिला तेव्हापासून माणसं येतात. शिवाजी पार्कच्या कडेनं, रस्त्यावर, वाळूत, कागदाच्या ताटलीत पुरीभाजी घेऊन बसतात. कोण कुठला, कुणी विचारत नाही. वहिनी तिथं कित्येक वर्षं वाढायला उभ्या राहतात. त्यांना मी विचारलं, तिथलं जेवण बरं की हे? त्या माझ्याकडं वेड्याकडं बघावं तशा बघायला लागल्या. "भावजी, ते ते हाय. पन हितं खुर्चीला पाठ हाय." मी तोंड मिटलं. सहा डिसेंबरच्या पुरीभाजीचं कौतुक करून मी त्यांची खुर्ची काढून घ्यायला निघालो होतो.

वर्गातल्या भांडणानंतर पोरगं दोन रविवार आलं नाही. तिसऱ्या रविवारी मी चाळीत गेलो. सरकारी नव्या इमारतीत घर मिळायचंय, त्याची वाट बघत सामान अर्धं बांधून ठेवलंय. ओट्यावर ती काचेची बाटली होती. साडेतीनशेची. वहिनींनी पिशवीत घालून आणली होती, आणि आता त्यात नळाचं पाणी भरून ठेवतात. त्यातलंच मला दिलं.

पोरगं आतल्या खोलीत होतं. माझा आवाज ऐकून बाहेर आलं नाही. वहिनींनी चहा टाकला. म्हणाल्या, "पुन्हा जायाचं म्हनतोय. मी म्हनलं, जाऊ. पन फोन मी करनार." मग माझ्याकडं वळून विचारलं, "भावजी, ते आडनाव मराठीत सांगितलं तर लिवून घेत्यात ना?"